सोयरे नसलेला रस्ता

सुमती गजभियेची वाट लोक उपाशीपोटी पाहतात. तिला बघून कोणाच्या चेहऱ्यावर आनंद येत नाही. रात्रीपासून पोटात अन्न नाही, सकाळचा चहा राहिलेला, साखर वाढली की काय ही धास्ती, अशा अवस्थेत माणूस गॅलरीत उभा असतो आणि खाली मोटरसायकलचा आवाज आला की वरूनच ओरडतो, "इतका उशीर? आम्ही काय इथं मरायचं का?" ती हेल्मेट काढते, जिने चढते, दंडाला रबर बांधते, सुई टोचते. सुई दुखली तर शिवी तिला. रिपोर्ट वाईट आला तरी शिवी तिलाच, जणू हिनेच रात्री येऊन त्यांच्या रक्तात साखर कालवली.

नागपुरात नंदनवनापासून पार वाडीपर्यंत घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि लॅबमध्ये पोहोचवायचे, हे काम ती नवरा गेल्यापासून करते. रविवारी सगळ्यात जास्त धावपळ, कारण नोकरीवाल्यांना रक्त द्यायला रविवारीच सवड मिळते. म्हणजे लॅबच्या मालकाला रविवार आहे, पेशंटला आहे, सुमतीला नाही. यावरून मी त्या मालकाशी भांडले. मग सुमती माझ्याशी भांडली, म्हणून थांबले.

गाडी तिच्या नवऱ्याची, धम्मानंदची. तो वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात होता, त्याच गाडीवर जायचा-यायचा. तो गेला तेव्हा तिचे भासरे, म्हणजे धम्मानंदचे मोठे भाऊ आनंदराव म्हणाले, गाडी विकून टाक, बाईमाणसाला स्कूटी बरी. तिने विकली नाही. गोदामामागच्या मोकळ्या जागेत पडत-झडत शिकली. "स्कूटीचं चाक लहान राहते वं, नागपूरचा खड्डा तिले गिळून टाकते," हे तिचं सांगायचं कारण. मला विचाराल तर भासऱ्यांनी विक म्हटलं, हेच कारण पुरेसं होतं.

आठ मार्चला तिला शाल दिली गेली. देणारे आमच्या संघटनेचेच लोक. मोटरसायकलवरची रणरागिणी वगैरे भाषणं झाली. मला त्या शालीचा अजून राग येतो. भाषण करणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही की बाई, तू या गाडीवर कधी उगाच गेली आहेस का? कामाशिवाय? कोणाचं रक्त न घेता?

तर जानेवारीत लॅबची जागा बदलायची होती. सामान हलवायचं, मशिनी बसवायच्या, म्हणून एक रविवार लॅब बंद. फक्त एक. सुमती ही बातमी घेऊन माझ्याकडे आली ती उभ्या-उभ्याच बोलायला लागली.

"देवकी, मी त्या दिवशी गाडी घेऊन जाऊन राहिली."

"कुठे?"

"कुठेच नाही. सकाळी निघाची, दिवस बुडाल्यावर याचं."

"अन् मधात?"

"मधात गाडी चालवाची. मले अशा ठिकाणी जायचं आहे, का जिथे कोणीच माही वाट पाहत नसन."

घरकाम करणाऱ्या बायांची आमची संघटना आहे. तिचं ऑफिस म्हणजे माझी पुढची खोली. तिथे बसून आम्ही तिच्या फोनवर नकाशा उघडला. तिला मोठा रस्ता नको होता. ट्रक तर ती वाडीत रोज बघते. तिला उमरेड रोड सोडून आत वळायचं होतं, कुही-मांढळच्या बाजूला, पार आंभोऱ्याच्या पाण्यापर्यंत. त्या दिवसांत तिकडे जवस निळा फुललेला असतो, धान कापलेल्या बांध्यांत लाखोरीचं पीक असतं, अंगणाअंगणात मिरची वाळत असते. हे तिला कसं माहीत? लग्नाला दोनेक वर्षं झाली असताना एकदा बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. तेव्हा मांडीवर पोरगा रडत होता.

मी म्हटलं, "आम्ही चौघी-पाचजणी येतो ना सोबत. दोन गाड्या अजून होतात."

"हाव. अन् बॅनर बी आणजो. अन् भोंगा."

मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात कमी वेळा घडलेली गोष्ट आहे.

खरी अडचण पुढे आली. मी नकाशावर बोट ठेवलं, "पाचगावावरून घे."

"तिथे मावससासू आहे."

"ते काय गाडी ओळखणार आहे?"

"गाडी नाही वं, मले ओळखते. त्या रस्त्यानं मोटरसायकलवर बाई गेली, तर दुसरी कोण राहीन?"

आमच्याकडे सोयऱ्याच्या गावावरून न थांबता जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. थांबलं की पाणी. पाण्यामागून चहा. चहा झाला की जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. जेवता-जेवता धम्मानंदची आठवण निघते, बाया रडतात, मग डोळे पुसून विचारतात, पियुषचं लग्न कधी? पियुष म्हणजे सुमतीचा पोरगा. एवढं होईपर्यंत ऊन उतरतं. पहिल्याच गावात दिवस संपतो.

म्हणून आम्ही सोयरे काटायला बसलो. नकाशावर गाव आलं की मी नाव वाचायची आणि ती डोळे मिटून घराणं आठवायची.

"इथे?"

"नणंदेचा दीर."

"इथे?"

"माह्या जावेची बहीण. ते तर रस्त्यावरच बसून राहते दिवसभर, भाजी निवडत."

"इथे तरी?"

"इथे होता एक. मेला."

"मंग जमते."

आम्ही दोघी हसलो. हसू नये, पण हसलो. गजभियांनी सगळ्या कुही तालुक्यात पोरी दिल्या आणि पोरी आणल्या. नागपूरच्या पोरांना फिरायला सुंदर रस्ता शोधायचा असतो तेव्हा ते डोंगर बघतात, तळं बघतात. सुमतीला सोयरे बघावे लागले. शेवटी जो रस्ता निघाला तो सापासारखा होता. कुठे कालव्याच्या, म्हणजे आमच्या नहराच्या, काठाने, कुठे शेतांच्या मधून, कुठे गावाच्या मागच्या अंगाने, नुसता मुरूम टाकलेला. दोन तासांचं अंतर अर्ध्या दिवसाचं झालं. ती त्या रस्त्यावर बोट फिरवत राहिली. "मस्त आहे," म्हणाली. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

घरी तिने एवढंच सांगितलं, की रविवारी मी कुहीच्या बाजूने जाते. तिथे चुकलं. आमच्यात 'कुहीच्या बाजूने' असं म्हणायचंच नसतं. बाजूचं नाव निघालं की लोकांच्या तोंडून 'जातच आहे तर' निघतं.

सगळ्यात आधी आनंदराव. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला, समाजात मान असलेला माणूस. त्यांच्या पोराचं, धम्मदीपचं, लग्न ठरलेलं. संध्याकाळी एक थैली भरून पत्रिका घेऊन आले. "जातच आहे तिकडे, तर एवढ्या देऊन देजो. फोनवर पाठवलेली पत्रिका लोक मानत नाहीत." आणि वर सूचना, की पत्रिकेवर बाबासाहेबांचा फोटो आहे, थैली पायाशी ठेवू नको, मागे सीटवर बांधू नको, खांद्यालाच अडकव. आणि दारातून देऊन पळू नको, बसून पाणी पिऊन ये.

मग त्यांची बायको, म्हणजे सुमतीच्या जाऊबाई. "जातच आहे तर माह्या बहिणीचा डबा." मग शेजारीण. "जातच आहे तर मांढळची मिरची." मग खुद्द पोरगा पियुष. "आई, जातच आहे तर माह्या दोस्ताच्या घरून हेल्मेट आणशील का?" आणि शेवटी लॅबचा मालक, फोनवर, गोड आवाजात. "ताई, ऐकलं की तुम्ही रविवारी कुहीकडे आहात. तिथे आपले एक जुने पेशंट आहेत. जाताना सॅम्पल घेऊन ठेवा ना. मी त्यांना सांगून ठेवतो, काही खाऊ नका म्हणून."

हे मला सुमतीने शुक्रवारी सांगितलं. सांगताना ती शांत होती. मी नव्हते. एका बाईला एक दिवस मिळतो. त्या एका दिवशीही कुहीत कोणीतरी तिच्या नावाने उपाशी बसणार! मी चपला घातल्या.

"देवकी, कुठे चालली? थांब वं."

मी थांबले नाही.

आनंदरावांचं घर दोन गल्ल्या सोडून. बैठकीत ते स्वतः, त्यांची बायको, आणि सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घातलेला पियुष. मी दारातूनच सुरू झाले.

"भाऊजी, तिले एक दिवस भेटला, तर त्या दिवशी तुम्ही तिचा पोस्टमन करून टाकला?"

"पोस्टमन कायचा, बाई? घरचं लग्न आहे. अन् ते तिकडेच जाऊन राहिली."

"तिकडे नाही जाऊन राहिली! तुमच्या एकाही सोयऱ्याचं दार लागणार नाही, असा रस्ता काढून ठेवला आहे तिनं. समजलं का? आम्ही दोघींनी मिळून काढला!"

आनंदराव रागावले नाहीत. रागावले असते तर मी सांभाळून घेतलं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे मला कळतं. ते हळू आवाजात म्हणाले, "सोयऱ्यांले चुकवून? म्हणजे कोणाले दिसू नये, असं?"

आणि जाऊबाई माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत बोलल्या, "तुह्यं कोण आहे वं तिकडे?"

सुमती माझ्या मागून आली होती. दारात उभी होती. हातात गाडीची चावी.

तेवढ्यात पियुष उठला. ज्याच्या शाळेची फी, ज्याच्या कॉलेजचा अर्ज, ज्याचे कपडे या बाईने लोकांचे जिने चढून पुरे केले, तो चोवीस वर्षांचा पोट्टा आईला विचारतो, "आई, कोणाले भेटायले जाऊन राहिली तू?"

मी त्याच्याकडे वळले. त्या दिवशी त्याच्या कानाखाली आवाज निघालाच असता. पण सुमती माझ्यावर बरसली.

"तू बस. बस म्हणते ना! तुह्यानं एक दिवस तोंड बंद नाही राहत? मी ते थैली काहून घेतली होती? खांद्यावर थैली असली का कोणी विचारत नाही, बाई, कुठे चालली. पत्रिका मी दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी जाऊन वाटल्या असत्या, कोणाले कळलं बी नसतं. तू समदं उघडं करून टाकलं. भाषण द्यायले भेटलं तुले."

मी बसले. मला वाईट वाटलं नाही, राग आला. तिच्यावर नाही, त्या थैलीवर. बाईने घराबाहेर पडायचं तर हातात कोणाचं तरी सामान पाहिजे. परवाना म्हणून. आणि मी इतकी वर्षं बायांच्या मोर्च्यांपुढे घोषणा देते, पण ही गोष्ट सुमतीने गुपचूप वापरून घेतली आणि मला दिसली नाही.

मग ती त्यांच्याकडे वळली.

"कोण आहे तिकडे, विचारून राहिल्या ना? कोणी नाही. म्हणूनच जाऊन राहिली."

"असं कसं कोणी नाही," जाऊबाई म्हणाल्या. "माणूस कोणासाठी तर जाते ना."

"बाई, मी रोज अंधारात घरातून निघते. लोकाच्या घरात जाते. एकट्या माणसाच्या घरात बी जाते, ज्याले अंगात धड कपडा नाही अशाच्या. दार आतून लावून घेतात थंडीचं. तेव्हा तुम्ही एक दिवस विचारलं का, कोण आहे तिथे? पियुष, तू विचारलं? नाही विचारलं. काम होतं ना! कामासाठी बाई कुठेही गेली तरी चांगली. बिनकामाची निघाली का बिघडली."

"मी तसं नाही म्हटलं, आई..."

"तसंच म्हटलं. अन् तुह्ये बाबा वाडीवरून उशिरा येत होते, पानठेल्यावर उभे राहत होते, तळ्यावर जाऊन बसत होते. तेव्हा मी कोणाच्या दारात जाऊन नव्हती विचारत, कोण आहे तिकडे."

मला वाटलं, आता आनंदरावांची माफी येते. ते म्हणाले, "मंग पत्रिकेचं काय?"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. पण त्यांच्या तोंडावर खरीच काळजी होती. पत्रिका हातोहात गेली नाही तर मांडवात अर्धे सोयरे येणार नाहीत, आणि आयुष्यभर टोमणे त्यांनाच ऐकावे लागणार.

सुमती घरी गेली, थैली घेऊन परत आली आणि ती माझ्या मांडीवर ठेवली. "हे देवकी देईन. हिले बोलायची हौस आहे, घरोघरी बोलन."

"हिच्या हातून?" आनंदराव. "हे कोण लागते आमची?"

"घरात घुसून भांडते, म्हणजे घरचीच लागते," सुमती म्हणाली आणि निघून गेली.

मी नाही म्हणू शकले असते. पण त्या घरात, त्या लोकांसमोर, मी माघार घेतली असं होऊ देणारी मी नाही. लॅबच्या मालकाला सुमतीने स्वतः फोन करून 'नाही' म्हणून सांगितलं. हा शब्द तिच्या तोंडून त्याने आधी ऐकलेला नसावा, कारण त्याने विचारलं, "नाही म्हणजे?"

रविवारी ती उजाडायच्या आत निघाली. मला सांगून नाही. अजून बोलत नव्हती माझ्याशी. मी एसटीने कुहीला निघाले, थैली मांडीवर घेऊन, कारण फोटो पायाशी ठेवता येत नाही, हे बरोबरच आहे. फाट्यावर उतरले तर पियुषचा फोन.

"मावशी, आईचा फोन बंद आहे."

"बंद नाही. तिनं बंद केला."

"काही झालं तर?"

"रोज पहाटे चार अनोळखी जिने चढते, तेव्हा तुले काही होत नव्हतं वाटते?"

त्याने फोन ठेवला. मग पुन्हा लावला. मग आनंदरावांचा. मग जाऊबाईंचा, डब्यासाठी. डबाही माझ्याच गळ्यात पडला होता. दिवसभर मी एका हाताने पत्रिका देत होते आणि दुसऱ्या हाताने फोन कापत होते.

प्रत्येक घरात एकच प्रश्न. पाणी पुढे करायचे आणि विचारायचे, "सुमती काहून नाही आली?"

"तिले आज काम नाही, म्हणून."

लोक माझ्याकडे बघत राहायचे. काम नाही तर यायला काय झालं, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसायचा. एका घरी एक म्हातारी म्हणाली, "बिमार आहे का?" मी म्हटलं, नाही. "मंग रुसली?" नाही. "मंग?" आता काय सांगायचं! माणसाने मजेसाठी गाडी चालवावी, हे सांगायला मला संविधानातलं कलम सुचेना. मी पाणी पिऊन उठले. इतकं पाणी मी उन्हाळ्याच्या मोर्च्यातही प्यायले नसेन. मांढळच्या पुढे बस मिळेना म्हणून एका मिरचीच्या टेम्पोत, पोत्यांवर बसून गेले. शिंकून-शिंकून डोळे लाल. त्या अवस्थेतही मनात सुमतीला शिव्या देत होते, आणि नजर मात्र सारखी शेतांकडे जात होती, कुठे धूळ उठते का म्हणून. जवस फुललेला होता. निळा, अगदी ती म्हणाली तसा. मला थांबून बघायला वेळ नव्हता. माझ्या खांद्याला थैली होती.

उन्हं कलली तेव्हा धम्मानंदच्या मामेभावाच्या घरी पोहोचले. नागसेन त्याचं नाव. ओट्यावर बसला होता, रागाने फुललेला. मी पत्रिका काढली तर हातसुद्धा पुढे केला नाही.

"पत्रिका कायले आणता बाई? सुमतीवहिनी आत्ताच इथून गेली."

"इथून?"

"नहराचा रस्ता खोदून ठेवला आहे ना. गावातून यावं लागते. या समोरून गेली, या इथून! मी हाक मारली. तिनं पाहिलं. मले चांगलं पाहिलं. हात हालवला अन् गेली. थांबली नाही!"

"काही बोलली?"

"काय बोलन? हसली. सोयऱ्याच्या दारात बाई हसून निघून जाते म्हणजे काय समजावं आम्ही? त्या तळ्याकडे वळली. तिकडे काय आहे? एक घर नाही तिकडे."

त्याच्या बायकोने पाणी आणलं. मी ओट्यावर बसले आणि पत्रिका त्याच्या बाजूला ठेवली.

"घाईत असन," मी म्हटलं.

"घाई?" तो जास्तच भडकला. "घाई असती तर मी समजलो असतो, बाई. हळू चालवत होती! एकदम हळू. इकडे पाहते, तिकडे पाहते, मोहाच्या झाडाखालून जाताना मान वर करून पाहते. इतकी हळू चालवते, तर थांबायले काय झालं होतं?"

"किती हळू?"

"सायकल चालवावी तशी."

"अन् हेल्मेट?"

"हेल्मेट समोर टाकीवर ठेवलं होतं. केस उडून राहिले होते."

"पुन्हा सांगा बरं," मी म्हटलं. "कुठून आली, कशी गेली, समदं सांगा."

त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूची आहे. तो ओट्यावर सरसावून बसला आणि पहिल्यापासून, आधीपेक्षा जास्त रागाने, सांगायला लागला.